झाकणांची तुकडी

बाईंचं शिकवणं अगदी स्वच्छ, असं शाळेत सगळे म्हणत. खुद्द बाईंचंही तेच मत होतं. तिसरीच्या मुलांना त्या वजाबाकी अशी रंगून समजावत, की तास संपल्याची घंटा द्यायला निघालेला शिपाई दारात थबकून राही आणि मधली सुट्टी उशिरा होई. मग साथ आली, शाळेला कुलूप लागलं, आणि बाईंचा वर्ग स्वयंपाकघरात आला.

स्वयंपाकघरात, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. झोपायच्या खोलीत नवऱ्याचं ऑफिस भरे. बाहेरच्या खोलीत सासरे, म्हणजे अण्णा, दिवसभर साथीच्या बातम्या ऐकत, आणि ज्यांच्या नशिबाने त्या चुकल्या असतील त्यांना गाठून ऐकवत. राहता राहिला ओटा. साखरेच्या डब्याला फोन टेकवायचा, पाठीमागे फडताळाच्या कडीला फळा अडकवायचा, आणि ओट्याखाली बिट्टीला चार भांडी देऊन बसवायचं. बिट्टी म्हणजे बाईंची तीन वर्षांची लेक. भांडी मिळाली की ती बराच वेळ गुंगून जाई. नाही मिळाली, तर फोनसमोर येऊन फ्रॉक वर करून सगळ्या वर्गाला आपलं पोट दाखवी. वर्गाला वजाबाकीपेक्षा हे पोट जास्त आवडे, हे बाईंनी मनाला लावून घेतलं नव्हतं. फारसं.

पडद्यावर मुलं चौकोनांत बसत. चौकोनाखाली नाव मुलाचं नसे, फोन ज्याचा त्याचं असे. 'आईचा मोबाईल', 'मामा नवीन नंबर', 'गॅरेज', 'आजी उचलू नका'. सुरुवातीला बाईंनी नावं बदलून घ्यायची खटपट केली, मग हात टेकले. "गॅरेज, बाळा, सातचा पाढा म्हण," असं म्हणताना आता त्यांची जीभसुद्धा अडखळत नसे.

सगळ्यांच्या खाली, कोपऱ्यात, एक काळा चौकोन असे. त्याचं नाव 'बाबांचा फोन'. त्यातली मुलगी यंदाच शाळेत आली होती. बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिचा आवाज ऐकला नव्हता. चौकोन रोज वेळेवर उगवे आणि तास संपला की मावळे. बाई विचारत, "बाबांचा फोन, समजलं ना गं?" काळोखातून काही उत्तर येत नसे. घरी चौकशी केली, तर तिचे वडील म्हणत, "बसते की ताई रोज. हलतसुद्धा नाही जागची." हे ऐकून बाईंना बरं वाटायचं ते वाईटच वाटे. आठ वर्षांचं मूल जागचं हलत नाही म्हणजे काहीतरी नक्की बिनसलेलं असतं.

बाकीच्या वर्गाचं मात्र छान चाललं होतं, म्हणजे बाईंना तसं वाटत होतं. "समजलं का?" म्हटलं की तीस-पस्तीस तोंडांतून "होऽऽ" येई. एके दिवशी बाईंनी उगाच विचारलं, "वजाबाकीत आकडा अपुरा पडला तर काय करायचं?"

"शेजाऱ्याकडून उसना घ्यायचा," गॅरेज म्हणाला.

"शाबास."

"पण बाई," मामा नवीन नंबरने विचारलं, "तो परत कधी द्यायचा? आम्ही कधीच परत देत नाही."

बाई इतकी वर्षं शिकवत होत्या, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या उत्तर जुळवत होत्या तेवढ्यात एका चौकोनातून कुणाच्या तरी आईची कुजबूज सगळ्यांना ऐकू आली, "समजलं म्हण. म्हण ना. सगळे बघतायत." आणि पाठोपाठ एक रडवेला "हो".

तो "हो" बाईंच्या मनातून जाईना. आपल्याला रोज मिळतात ते सगळे होकार असेच चिमटे काढून काढलेले असतील तर?

नेमका त्याच दुपारी मोठ्या बाईंचा फोन आला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. "वरून सूचना आहे," त्या म्हणाल्या. "दोन तुकड्या मिळून एक करायची. पुढच्या शुक्रवारी साहेब स्वतः तुमचा वर्ग बघणार. मुलांचा प्रतिसाद दिसला तर ठीक, नाहीतर तुमची मुलं शेजारच्या तुकडीच्या सरांकडे, आणि तुम्ही कार्यालयात. तिथे बरीच माहिती भरायची पडली आहे."

शेजारच्या तुकडीचे सर शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या वर्गात डाससुद्धा परवानगी घेऊन बसतो, असं म्हणत. बाईंच्या डोळ्यांपुढे पडद्याची दोन पानं भरून चौकोन आले, आणि त्यांत शेवटच्या पानावर, अगदी तळाला, तो काळा चौकोन. त्याला तिथे कोण विचारणार होतं?

वर्ग वाचवायचा तर प्रतिसाद खरा हवा, आणि त्यासाठी मुलांनी मोकळेपणी "नाही समजलं" म्हणायला हवं, एवढं बाईंना कळत होतं. म्हणायला कसं लावायचं, ते कळत नव्हतं. सल्ले मात्र घरपोच मिळत होते.

"अगं, तू हळू बोलतेस," वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून सांगितलं. "आमच्या मास्तरांचं बोलणं तीन गल्ल्या ऐकू जायचं."

"आणि समजायचं?"

"छे गं. पण ऐकू जायचं."

नवऱ्याने रंगीत कार्डांची योजना मांडली. हिरवं म्हणजे पूर्ण समजलं, पोपटी म्हणजे बरंचसं समजलं, पिवळं म्हणजे समजल्यासारखं वाटतं. "तुला पोपटी आणि हिरवा वेगळे दिसतात?" बाईंनी विचारलं. नवरा आपल्या ऑफिसात, म्हणजे पलंगावर, परत गेला.

युक्ती सुचवली ती बिट्टीने. दुसऱ्या दिवशी तास चालू असताना ती ओट्याखालून बाहेर आली, आजीच्या, म्हणजे बाईंच्या सासूबाईंच्या, दुधाच्या पातेल्याचं झाकण तिने दोन्ही हातांनी तोंडापुढे धरलं आणि जाहीर केलं, "मी नाहीच आहे." वर्ग खदखदून हसला. बाई मात्र हसायच्या विसरल्या. झाकणाआडून पोट दिसत होतं, पाय दिसत होते, फक्त तोंड दिसत नव्हतं. आणि तोंड दिसत नाही म्हटल्यावर लेक कशी निर्धास्त उभी होती.

त्याच संध्याकाळी पालकांच्या गटावर निरोप गेला: "उद्यापासून मुलांनी एक चमचा आणि एक झाकण घेऊन बसावे. समजलं तर चमचा वर. नाही समजलं तर झाकण तोंडापुढे. कुणाचंही तोंड दिसणार नाही, म्हणून कुणी लाजायचं नाही."

इतका सोपा निरोप आपण आयुष्यात लिहिला नाही, असं बाईंना वाटलं. पंधरा मिनिटांत फोन तापला. झाकण स्टीलचं की ॲल्युमिनियमचं? कुकरचं चालेल का, आणि शिटी काढायची की ठेवायची? आमच्याकडे काचेचं आहे, पण त्यातून तोंड दिसतं. झाकण आहे पण पातेलं हरवलं आहे, तरी चालेल का? एका आजोबांनी विचारलं, चमचा आणायचाय म्हणजे खायला काय देणार आहात?

"यांना नीट खुलासा हवा," अण्णा म्हणाले. अण्णांनी तीस वर्षं सरकारी पत्रव्यवहार हाताळला होता, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला चैन नव्हतं. सुनेने फोन खाली ठेवला आणि ती बिट्टीला भरवायला गेली, तेवढ्यात त्यांनी खुलासा पाठवूनही दिला: "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर झाकण हे विद्यार्थ्याच्या मुखाच्या क्षेत्रफळापेक्षा कमी नसावे, तसेच सदर झाकणाचा अन्य प्रयोजनार्थ वापर करण्यात येऊ नये."

परिणाम असा झाला, की दोन घरांत त्या रात्री भाजीवर ताट झाकलं गेलं, कारण झाकण आता शाळेचं झालं होतं. एका वडिलांनी फूटपट्टीने मुलाचं तोंड मोजून आकडे पाठवले आणि ते बरोबर आहेत का, विचारलं. कुणी तरी मुदत वाढवून मागितली.

"अण्णा, हे काय लिहिलंत?"

"का? एकही चूक नाही त्यात."

ते खरंच होतं. एकही चूक नव्हती, फक्त ते कुणालाही समजलं नव्हतं. बाईंनी तिसरा निरोप लिहिला: "घरात असेल ते झाकण. तोंड लपेल इतकं. बाकी काही नाही." आणि गट शांत झाला. आपला पहिला निरोप आपल्याला वाटला होता तितका सोपा नव्हता, हे बाईंनी मनात टिपून ठेवलं. अण्णांना सांगितलं नाही.

शाळेच्या कारकुनांचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी. "बाई, मान्य शैक्षणिक साहित्यात झाकण नाही. नकाशा आहे, मणी आहेत, पृथ्वीचा गोल आहे."

"भाऊसाहेब, पृथ्वीच्या गोलाआडही तोंड लपेल, पण घरोघरी गोल कुठून आणू?"

"मग 'इतर'मध्ये घालावं लागेल. त्याला नमुना जोडायचा असतो. एक झाकण कार्यालयात जमा करा."

"कार्यालय बंद आहे ना?"

"हो, ते उघडलं की करा."

"कधी उघडणार?"

"त्याचं परिपत्रक आलं की कळवतो."

तर अशा रीतीने, विनापरवाना, बाईंनी वर्ग सुरू केला. फळ्यावर वजाबाकी लिहिली, घसा साफ केला, आणि आपलं ते रंगलेलं, स्वच्छ, शिपायाला दारात थबकवणारं विवेचन सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला पहिलं झाकण वर गेलं. पाचव्या वाक्याला सगळा पडदा झाकणांनी भरला. थाळ्या, कुकर, एक तवासुद्धा. काचेचं झाकण धरलेला एकटाच डोळे मिटून बसला होता, म्हणजे आपण दिसत नाही.

बाईंची कानशिलं तापली. वाटलं, ही पोरं मजा करतायत. वाटलं, फोन बंद करावा आणि पलंगावर जाऊन ऑफिसात रडावं. पण ओट्याखालून बिट्टी पदर ओढत होती, आणि रडायलासुद्धा घरात जागा लागते. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, अर्धं करून. दोन झाकणं खाली आली. आणखी थोडं मोडून म्हटलं. पाच खाली आली. एका शब्दाशी सगळी अडली होती. बाईंनी तो काढून टाकला, आणि म्हणाल्या, "माझंच सांगायचं चुकलं, हं. आता बघा." चमचे वर आले, एकामागून एक, आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शिपाई नव्हता एवढीच उणीव.

आठवडाभरात झाकण घरात मुरलं. अण्णांनी साथीचे आकडे काढले की सासूबाई काही न बोलता कढईचं झाकण तोंडापुढे धरत. अण्णा पहिल्या दिवशी रुसले, दुसऱ्या दिवशी त्यांनी बातमी दोन वाक्यांत सांगून टाकली, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "मग पुढे काय झालं?" लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी हा प्रश्न अण्णांनी प्रथमच ऐकला असावा. ते चष्मा पुसत बसले. याचा तोटा एवढाच, की पातेल्यांवर झाकण म्हणून राहिलं नाही, आणि खिडकीतलं मांजर दुधावर चांगलं पोसलं.

काळा चौकोन मात्र काळाच राहिला. चमचा नाही, झाकण नाही.

गुरुवारी मोठ्या बाईंचा पुन्हा फोन आला. "तुमच्या वर्गात भांडी वाजतात म्हणे. उद्या साहेबांपुढे एक झाकण दिसता कामा नये. अहो, लोक म्हणतील आम्ही मुलांना बिनडोक झाकण समजतो. मुलांनी शांत बसायचं आणि विचारलं की हो म्हणायचं."

बाईंनी तासाला सांगितलं, "मुलांनो, उद्या साहेब येणार आहेत. उद्या झाकण आणायचं नाही."

सगळी झाकणं वर.

"साहेबांना आवडणार नाही ते."

झाकणं वरच.

"म्हणजे काय आहे, की समजलं नाही तरी उद्यापुरतं..." बाईंचं वाक्य तिथेच अडलं. गेले आठ दिवस त्यांनी भलीभली वाक्यं मोडून सोपी केली होती. हे वाक्य मोडलं की त्यातून एकच गोष्ट निघत होती: उद्या खोटं बोला. "बरं," त्या म्हणाल्या, "आणा. पण मांडीवर ठेवा."

शुक्रवारी साहेब आले, म्हणजे त्यांचा चौकोन आला. मागे खुर्चीवर टॉवेल, पुढे टेबल, टेबलावर झाकलेला पाण्याचा पेला. शेजारच्या चौकोनात मोठ्या बाई, इस्त्री केल्यासारख्या. स्वयंपाकघराच्या दारात अण्णा, सासूबाई आणि नवरा दाटीने उभे होते. नवऱ्याने स्वतःच्या ऑफिसला पोटदुखी कळवली होती.

"बालमित्रांनो," साहेबांनी सुरुवात केली, "सद्यःस्थितीतील अध्ययन-अध्यापन प्रक्रियेतील उणिवांच्या अनुषंगाने, उपलब्ध मनुष्यबळाच्या सुयोग्य समायोजनाद्वारे, आपल्या सर्वांगीण गुणवत्तावृद्धीचा संकल्प प्रशासनाने सोडलेला आहे." दारात अण्णांची मान समाधानाने डोलली. साहेब बरंच बोलले. मुलं हातांची घडी घालून बसली होती. बाईंना ते चेहरे ओळखीचे वाटले. चिमटा काढण्याआधीचे चेहरे होते ते.

"समजलं का, मुलांनो?" साहेबांनी विचारलं.

गॅरेजचा हात मांडीकडे सरकला आणि थांबला. त्याने बाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मोठ्या बाईंनी भुवया उंचावून बाईंना खूण केली, की हो म्हणवून घ्या.

बाईंच्या डोळ्यांपुढे कार्यालय आलं, बरीच माहिती भरायची पडलेलं. मग त्यांनी ओट्यावरचं सासूबाईंचं दुधाचं झाकण उचललं आणि स्वतःच्या तोंडापुढे धरलं.

झाकणाआड अंधार होता आणि किंचित दुधाचा वास. बाहेर काय चाललंय ते बाईंना दिसत नव्हतं. आधी ऐकू आली ती भांड्यांची खणखण. मग मोठ्या बाईंचा आवाज, "अहो बाई, हे काय?" आणि मग असा दणका झाला की ओट्यावरचा फोन हादरला आणि बिट्टी ओट्याखालून म्हणाली, "धडाम."

बाईंनी झाकण खाली घेतलं. सगळा पडदा झाकणांचा होता. आणि खाली, कोपऱ्यात, काळा चौकोन काळा राहिला नव्हता. तिथे उजेड होता, आणि उजेडात गाडीच्या चाकाएवढं एक झाकण थरथरत उभं होतं. मागे माणूस उभा राहील अशी पातेली एकात एक घालून रचलेली. मुलीचे वडील शे-दोनशे पानांच्या जेवणाची भांडी भाड्याने देत, हे बाईंना तेव्हा समजलं. साथीत कुणी कुणाला जेवायला बोलवत नव्हतं, आणि ती सगळी भांडी आणि ती मुलगी एकाच खोलीत गप्प बसून होती.

"एकदा हातातून सुटलं," झाकणामागून बारीक आवाज आला. "परत उचललं."

"बाबांचा फोन," बाई म्हणाल्या, "अगं, एवढं मोठं कशाला?"

"मला पुष्कळ नाही समजलेलं."

कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, "हा काय प्रकार आहे?" बाईंनी तो सांगितला, सोप्या वाक्यांत. साहेबांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांना थोडा वेळ लागला.

"म्हणजे माझं बोलणं यांना समजलं नाही?"

"मलाही नाही समजलं, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब दुखावले. पण चिकाटीचे होते. त्यांनी वाक्य अर्धं केलं. झाकणं हलली नाहीत. त्यांनी घाम पुसला, वाक्य आणखी मोडलं, आणि अखेर म्हणाले, "तुमचा वर्ग शेजारच्या वर्गात घालायचा आहे."

सगळे चमचे वर. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांच्या नोकरीत हे प्रथमच घडत असावं. त्या भरात ते पुढे म्हणाले, "कारण तुमच्या वर्गातली मुलं काही सांगत नाहीत."

सगळी झाकणं वर. चाकाएवढं सुद्धा.

साहेब त्या झाकणांकडे बघत राहिले. मग टेबलावर बघत राहिले. मग त्यांनी आपल्या पाण्याच्या पेल्यावरचं ते एवढंसं झाकण उचललं आणि तोंडापुढे धरलं. त्याने जेमतेम नाक झाकलं गेलं. "मलाही आता नाही समजलं," नाकाच्या दोन्ही बाजूंनी साहेब म्हणाले. "वर्ग आहे तसा राहू द्या, मोठ्या बाई."

दारात सासूबाईंनी अण्णांना कोपर मारलं. मोठ्या बाई घाईघाईने काहीतरी शोधत होत्या. हाती लागलं ते डबीचं झाकण, पण त्यांनी तेही धरलंच.

बाईंना मात्र आता कुणी दिसत नव्हतं. त्यांनी फडताळातले सगळे चमचे काढले, दहा-दहाच्या चार जुड्या बांधल्या, दोन सुटे ठेवले. "बाबांचा फोन, इकडे बघ. झाकण राहू दे हवं तर, नुसता एक डोळा बाहेर काढ. हे बेचाळीस चमचे. मला यातले सात बिट्टीला द्यायचेत. सुटे पुरतील?"

झाकणाच्या कडेने एक डोळा आला. "नाही."

"मग काय करू?"

बराच वेळ गेला. बाई काही बोलल्या नाहीत. पूर्वी त्या इथे पाच वाक्यं बोलल्या असत्या.

"जुडी सोडा की एक," आवाज आला.

बाईंनी जुडी सोडली. "आणि परत कुणाला द्यायचे?" मामा नवीन नंबरने आपला जुना प्रश्न काढला.

"परत कशाला?" मुलगी म्हणाली, आणि आता दुसरा डोळाही बाहेर आला होता. "आपलेच आहेत. नुसते सोडलेत."

फोनच्या पलीकडे साहेब जायचे विसरून बसले होते. बाई म्हणाल्या, "समजलं?"

चाकाएवढं झाकण बाजूला झालं. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. मुलगी वाकली, मागच्या पातेल्यात हात घालून काहीतरी ओढू लागली, आणि शे-दोनशे माणसांची भाजी ढवळायचा, वल्ह्याएवढा लांब डाव दोन्ही हातांनी उचलून तिने वर नेला. तो चौकोनाबाहेर गेला. वरचा दिवा झोके घेऊ लागला.

"अगं, दिवा, दिवा," पलीकडून वडील ओरडले.

डाव खाली आला नाही.

"झालं असेल तर माझं झाकण द्या आता," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे टिपत दूध झाकायला गेल्या. मांजर आधीच पोचलं होतं.